हळदीचा पापुद्रा : वनस्पतीचा अर्क पॉलिमरमध्ये घालायला शिकताना

आमच्या समुद्रपूर तालुक्यात वायगावची हळद पिकते. २०१६ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून बचत गटाच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो : पावडर विकण्यापलीकडे हळदीचं काय करता येईल? त्याच्या पाठोपाठ दुसरे येतात. कडुनिंबाचा अर्क पोत्यात घातला तर गव्हाला सोंडे लागणार नाहीत का? संत्र्याच्या सालीचं तेल पिशवीत घातलं तर बुरशी थांबेल का?

विचार बरोबर आहे. वनस्पतीतले गुणकारी घटक पॉलिमरमध्ये, म्हणजे लांब साखळीसारख्या रेणूंच्या पदार्थात, मिसळून जंतू रोखणारं, अन्न टिकवणारं किंवा रंग बदलून सूचना देणारं वेष्टन बनवण्यावर जगभर काम चालू आहे. नवखा माणूस अडकतो तो दुसरीकडे. त्याला वाटतं, मिसळलं की झालं. मिसळणं एका दुपारचं काम आहे. मिसळलेला घटक बनवताना जगला का, आणि हवा तेव्हा, हवा तेवढा कामाला येतो का, हे बघण्यात खरा वेळ जातो. संत्र्याच्या सालीच्या तेलाचंच घ्या. त्यात ९० टक्क्यांहून जास्त लिमोनिन असतं आणि ते १७६ अंशांना उकळतं. पिशवीचं पॉलिथिन मशीनमध्ये साधारण १६० ते २०० अंशांवर वितळवतात. म्हणजे शेडभर संत्र्याचा घमघमाट सुटतो आणि पिशवीत तेल राहतं नावापुरतं.

म्हणून सुरुवात वितळवण्यापासून करू नका. ओतून वाळवण्यापासून करा. पॉलिमर म्हटलं की प्लॅस्टिकच डोळ्यांसमोर येतं, पण आपला कापूस म्हणजे सेल्युलोज आणि भाताची खळ म्हणजे स्टार्च, हेही पॉलिमरच. खळीचा पातळ पापुद्रा शेगडीवर बनतो, ९० अंशांच्या वर जावं लागत नाही आणि बिघडला तर नुकसान पाच-दहा रुपयांचं. या लेखात आपण हळदीचा पापुद्रा करू. मासळी शिळी होऊ लागली की तो पिवळ्याचा तांबडा होतो.

आधी सामान

कॉर्नफ्लोअर किंवा आरारूट, ग्लिसरीन, अख्खी हळकुंडं, अल्कोहोल आणि बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणी. वजनाला सोनाराकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा छोटा डिजिटल काटा. शिवाय थर्मामीटर, गाळायला धुतलेलं सुती कापड आणि ओतायला सपाट तळाची प्लॅस्टिकची थाळी. स्टीलच्या ताटाला पापुद्रा घट्ट धरून बसतो, काढताना फाटतो. मी चपट्या डब्यांची झाकणं वापरते.

यातल्या तीन गोष्टींवर जरा थांबते, कारण त्या चुकल्या की पुढचं सगळं चुकतं.

पहिली गोष्ट पाणी. माझी पहिली खेप बोअरच्या पाण्यात केली होती. अर्क घातला आणि खळ पिवळी व्हायच्या ऐवजी विटकरी झाली. हळद भेसळीची असेल असं वाटून मी तीनदा हळद बदलली. दोष पाण्याचा होता. आमच्याकडचं बोअरचं पाणी जड असतं, तापवलं की आणखी क्षारधर्मी होतं, आणि क्षार मिळाला की हळदीतलं पिवळं रंगद्रव्य, कर्क्युमिन, तांबडं होणारच. मासळीच्या आधी पाण्यानेच पापुद्र्याचं काम उरकून टाकलं होतं. तेव्हापासून बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड पाणीच घेते. पावसाळ्यात स्वच्छ कापडातून गाळलेलं पावसाचं पाणीही चालतं, फक्त ते कौलांवरून किंवा सिमेंटच्या पत्र्यावरून आलेलं नको.

दुसरी हळद. तयार पावडरीत पिष्ट किंवा रंग मिसळलेला असू शकतो. हळकुंड घेऊन घरी दळा. साध्या हळदीत कर्क्युमिन २ ते ५ टक्क्यांच्या आसपास असतं. पाण्यात ते जवळजवळ विरघळत नाही, अल्कोहोलमध्ये विरघळतं.

तिसरी अर्थातच अल्कोहोल. आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. इथे इथेनॉलची बाटली घरात ठेवणं म्हणजे सरळ कायद्याच्या कचाट्यात जाणं; इतर जिल्ह्यांतही शुद्ध इथेनॉलला परवाना लागतो. शिकण्यापुरतं रसायनाच्या दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. मात्र त्यावर केलेला पापुद्रा अन्नाला लागू द्यायचा नाही, ही खूणगाठ बांधा. अन्नाला लागणारा माल करायची वेळ येईल तेव्हा परवाना असलेल्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, तिथल्या इथेनॉलमध्ये अर्क काढायचा. हात धुवायचं सॅनिटायझर वापरू नका. त्यात घट्ट करणारे पदार्थ आणि सुगंध असतात.

अर्क

२ ग्रॅम हळद पावडर, २० मिली अल्कोहोल, झाकणाची काचेची बाटली. बाटलीला काळा कागद गुंडाळा, कारण कर्क्युमिन उजेडात विटतं. दिवसातून चार-पाचदा हलवा, रात्रभर ठेवा, सकाळी दुहेरी कापडातून गाळा. गडद केशरी अर्क मिळेल. बाटलीवर तारीख, हळद कुणाच्या शेतातली आणि प्रमाण लिहा. आज हे उगाच वाटेल. महिन्याभराने सहा बाटल्या समोर उभ्या राहतील आणि कुठली कशाची हे सांगता येणार नाही, तेव्हा कळेल.

खळ शिजवणं

१०० मिली पाण्यात ५ ग्रॅम स्टार्च आणि १.५ ग्रॅम ग्लिसरीन. ग्लिसरीन कशाला? नुसत्या स्टार्चचा पापुद्रा उडदाच्या पापडासारखा मोडतो. ग्लिसरीन स्टार्चच्या साखळ्यांच्या मध्ये शिरून त्यांना एकमेकींवर सरकू देतं, म्हणून पापुद्रा वाकतो. स्टार्चच्या वजनाच्या ३० टक्के हे सुरुवातीला बरं प्रमाण.

थंड पाण्यातच स्टार्च कालवा, गुठळी राहू देऊ नका. मग मंद आचेवर, शक्यतो पातेलं दुसऱ्या पातेल्यातल्या पाण्यात ठेवून, सतत ढवळत ८५ ते ९० अंशांपर्यंत न्या. दुधी द्रव एका क्षणी घट्ट होतो आणि मग हळूहळू पारदर्शक होऊ लागतो. लुगड्याला खळ लावणाऱ्या बाईला हा क्षण वेगळा सांगावा लागत नाही. पारदर्शक झाल्यावरही दहा मिनिटं त्याच तापमानावर ढवळत राहा. अर्धवट शिजलेल्या दाण्यांनी पापुद्र्यात पांढरे ठिपके येतात. मिक्सर किंवा रवी लावू नका. बुडबुडे एकदा शिरले की निघत नाहीत, आणि वाळल्यावर प्रत्येक बुडबुड्याचं भोक होतं.

आता गॅस बंद करा. नॉब बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद, आणि पातेलं चुलीपासून लांब न्या. आयसोप्रोपिल अल्कोहोल ८२ अंशांना उकळतं आणि त्याची वाफ लगेच पेट घेते. खळ ५० ते ५५ अंशांवर आली की निम्मी एका भांड्यात काढून बाजूला ठेवा. ही कोरी खळ, तिच्यात अर्क घालायचा नाही. उरलेल्या ५० मिलीत ५ मिली अर्क, थेंब-थेंब, एका हाताने ढवळत, घाला. भसकन ओतला तर अल्कोहोल जिथे पडेल तिथे स्टार्चच्या गुठळ्या बांधतात आणि कर्क्युमिनचे डाग पडतात. ५ मिलीच्या वर जायचा मोह होईल, रंग गडद दिसावा म्हणून. नका जाऊ. कोऱ्या खळीत तेवढंच, ५ मिली नुसतं अल्कोहोल घाला, म्हणजे दोन पापुद्र्यांमध्ये फरक उरेल तो फक्त हळदीचा.

कोरा पापुद्रा नसेल तर तुमच्या हळदीच्या पापुद्र्याबद्दल काहीही सांगता येत नाही. बुरशी थांबली ती हळदीने, की पापुद्र्याने पाणी शोषलं म्हणून? रंग बदलला तो कर्क्युमिनचा, की स्टार्चच पिवळा पडला? या प्रश्नांना उत्तर फक्त शेजारी ठेवलेला कोरा पापुद्रा देतो.

ओतणं आणि वाळवणं

थाळी समतल हवी. गवंड्याची पाणसळ ठेवून बघा, लागलं तर खाली कागदाच्या घड्या सारा. दर चौरस सेंटीमीटरला ०.२ मिली खळ ओतली की वाळल्यावर साधारण ०.१ मिलिमीटर जाडी मिळते. १५ सेंटीमीटर व्यासाच्या थाळीला त्या हिशेबाने ३५ मिली पुरते.

वाळवण्यात आपलं हवामान फार नडतं. पुस्तकातलं ‘खोलीच्या तापमानाला २४ तास’ विदर्भात वर्षातून तीन-चार महिनेच खरं असतं. मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो आणि हवा कोरडी ठक्क. वरची साय आधी वाळते, खाली ओलंच राहतं, कडा वर वळतात आणि सकाळी बघावं तर मधोमध तडा. तेव्हा थाळ्या माजघरात ठेवा, वर मलमलीचं कापड ताणून बांधा, शेजारी पाण्याने भरलेलं भांडं ठेवा आणि पंखा लावू नका. श्रावणात उलटं. तीन दिवस पापुद्रा चिकटच राहतो आणि चौथ्या दिवशी त्यावर बुरशीची लव दिसते. त्यासाठी मी पत्र्याच्या जुन्या पेटीत ४० वॅटचा गुलूप लावला आहे आणि गुलुपावर पत्र्याची टोपी, म्हणजे ऊब मिळते पण उजेड थेट पडत नाही. पेटीला वर-खाली दोन-दोन भोकं, आत तापमान ४० अंशांच्या आसपास. लाइन गेली तरी पेटी दोन तास ऊब धरते. उन्हात मात्र कधीच वाळवायचं नाही. पापड-कुरडयांची सवय असते, हात आपोआप गच्चीकडे वळतो. उन्हात वाळवलेला हळदीचा पापुद्रा संध्याकाळपर्यंत फिका झालेला असतो.

कड बोटाला कोरडी लागली आणि नखाने उचलली गेली की पापुद्रा तयार. सोलून दोन कोऱ्या कागदांत, घट्ट डब्यात, अंधारात ठेवा.

कुंकवाची परीक्षा

पहिल्यांदा हा प्रयोग आमच्या ओसरीत केला तेव्हा शेजारच्या काकू येऊन बसल्या होत्या. पापुद्र्याच्या तुकड्यावर मी चुन्याची निवळी टाकली, तुकडा लालबुंद झाला. काकू म्हणाल्या, “हे त कुंकूच झालं ना वं! आमची माय अशीच करे, हयद न् चुना.” अगदी तेच आहे. हळदीला क्षार दिला की कुंकू होतं, हे आपल्या बायकांना कितीतरी पिढ्या ठाऊक आहे. मासळी सडू लागते तेव्हा तिच्यातून अमोनियासारख्या क्षारधर्मी वाफा निघतात. पापुद्रा त्या वाफांनी कुंकवाच्या वाटेला लागतो.

ही वाफेची परीक्षा घरी घेता येते. कल्हईवाल्याकडे नवसागर मिळतो. मोकळ्या अंगणात, काचेच्या बरणीच्या तळाशी चिमूटभर नवसागर आणि चिमूटभर ओला चुना ठेवा. दोघं मिळाले की अमोनिया सुटतो. झाकणाच्या आतल्या बाजूला हळदीच्या आणि कोऱ्या पापुद्र्याचा एकेक तुकडा चिकटवा आणि झाकण लावा. काही मिनिटांत हळदीचा तुकडा केशरी, मग तांबूस होईल. वाफ डोळ्यांना झोंबते, बरणीत तोंड घालू नका, चिमटीपेक्षा जास्त घेऊ नका. तुकडा अगदी खडखडीत वाळलेला असेल तर रंग उशिरा येतो. अमोनियाला विरघळायला थोडा ओलावा लागतोच, म्हणून तुकड्यावर आधी पाण्याचा अगदी हलका शिंतोडा मारा, हबकारा नको.

मग खरी मासळी. भंडारा-गोंदियाकडे मालगुजारी तलावांची मासळी विकणाऱ्यांना याचा उपयोग सगळ्यात जास्त आहे. ५० ग्रॅम मासळी डब्यात, तुकडा झाकणाला, मासळीला न लागता. दर दोन तासांनी त्याच जागी, त्याच उजेडात, पांढऱ्या कागदासमोर मोबाइलने फोटो. असे तीन डबे करा, कारण एका डब्यावरून निष्कर्ष काढला की तो दुसऱ्या डब्यात मोडतो. एक इशारा मात्र मनापासून : रंग बदलला म्हणजे मासळी नक्की खराब, किंवा रंग बदलला नाही म्हणजे ती चांगलीच, असं कुणालाही सांगू नका. तुमचा पापुद्रा किती वाफेला जागा होतो हे प्रयोगशाळेत मोजेपर्यंत ही फक्त शिकण्याची वस्तू आहे.

टिकलं का, सुटतं का

आता लेखाच्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे. दोन साध्या परीक्षा.

उजेडाची : पापुद्र्याचा अर्धा भाग काळ्या कागदाने झाकून खिडकीत ठेवा. काही दिवसांनी कागद काढा. उघडा अर्धा फिका पडलेला दिसेल. उघड्यावर टांगून विकायच्या मालात कर्क्युमिन का चालत नाही, हे यातून डोळ्यांना दिसतं. कडुनिंबातलं अॅझाडिरॅक्टिन याहून नाजूक. उन्हात आणि उष्णतेत ते मोडतं, म्हणून ‘कडुनिंबयुक्त मल्चिंग पेपर’ ऐकायला कितीही गोड वाटला तरी आमच्या उन्हात तो गुण किती दिवस राहील, हा पहिला प्रश्न विचारा.

सुटण्याची : २ × २ सेंटीमीटरचे दोन तुकडे. एक साध्या पाण्यात, दुसरा निम्मं पाणी निम्मं अल्कोहोल अशा मिश्रणात, प्रत्येकी २० मिली. दहा मिनिटं, एक तास, एक दिवस, असे फोटो. पाण्यातला तुकडा फुगतो पण रंग फारसा सोडत नाही. अल्कोहोलच्या मिश्रणात पिवळा रंग भराभर उतरतो. कर्क्युमिन पाण्यापासून लांब राहतं आणि तेलकट, अल्कोहोली द्रवाकडे ओढ घेतं. म्हणजे तोच पापुद्रा काकडीवर एक वागेल आणि लोणच्यावर दुसरं. सुटणं हा दोष की गुण, हे कामावर ठरतं. रंगाने सूचना देणाऱ्या पापुद्र्यातून काहीच सुटायला नको. बुरशी रोखणाऱ्यातून हळूहळू सुटायला हवं. काम आधी ठरवा, वनस्पती मागाहून निवडा. बहुतेक जण उलटं करतात. शेतात जे आहे ते घेऊन काम शोधत बसतात. मीही तेच केलं होतं.

तेल घालायचं असेल तर

काटोल, वरुड, मोर्शीकडच्या वाचकांना संत्र्याचं तेल हवं असणार. तेल खळीत आपोआप मिसळत नाही, वर तरंगतं आणि वाळताना उडून जातं. १०० मिली खळीला अर्धा मिली तेल पुरे, आणि त्याला धरून ठेवायला चिमूटभर लेसिथिन. हे लेसिथिन सोयाबीनच्या तेलातूनच निघतं, म्हणजे तेही आपल्याच शिवारातलं. लेसिथिन थोड्या कोमट पाण्यात भिजवून, त्यात तेल घालून दुधासारखं होईपर्यंत घुसळा आणि मग ते खळीत हलक्या हाताने ढवळा. पापुद्रा धुरकट येतो, तो तसाच यायचा. वास येतोय म्हणून तेल टिकलं असं समजू नका. नाकाला अगदी थोडं तेलही पुरतं. लिमोनिन हवेत जुनं झालं की त्वचेला खाज आणू शकतं, म्हणून ताजं तेल वापरा आणि हातमोजे घाला.

वितळवण्याकडे जायचंच असेल तर

यावर थोडक्यातच लिहिते, कारण ते घरचं काम नाही. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत प्लॅस्टिकची फिल्म काढणाऱ्याकडे जाण्यापूर्वी तुमच्या घटकाचं तापमान पाठ असू द्या. ओव्यातलं थायमॉल २३२ अंशांना उकळतं, लवंगेतलं युजेनॉल २५४ ला. लिमोनिनपेक्षा ही दोन्ही जास्त तग धरतात. पावडर घालणार असाल तर ती ओव्हनमध्ये पूर्ण वाळवलेली हवी. पॉलिलॅक्टिक अॅसिडसारख्या पॉलिमरमध्ये पावडरीबरोबर ओलावा गेला तर वितळताना साखळ्याच तुटतात आणि फिल्म ठिसूळ येते. नाजूक घटकाला सायक्लोडेक्स्ट्रिनच्या (स्टार्चपासून बनणाऱ्या) पोकळ रेणूत कोंडून किंवा मातीच्या सूक्ष्म थरांत बसवून मग घालतात. याहून सोपा मार्ग म्हणजे फिल्म आधी बनवायची आणि अर्काचा लेप न तापवता वरून द्यायचा. गावपातळीवर मला हाच मार्ग पटतो.

यातलं सगळं अजून प्रयोगातच आहे, असं समजू नका. सांधा बदलताना बसवतात त्यातल्या काही पॉलिथिनच्या भागांमध्ये ई जीवनसत्त्व घातलेलं असतं. ते पॉलिमरला हवेतल्या ऑक्सिजनपासून जुनं होऊ देत नाही. हळदीतल्या कर्क्युमिनचा, हिरड्यातल्या टॅनिनचा स्वभाव त्याच जातीचा आहे.

विकण्याआधी

अन्नाला लागणाऱ्या वेष्टनाला एफएसएसएआयचे (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचे) २०१८ चे पॅकेजिंगचे नियम लागू आहेत. प्लॅस्टिक वेष्टनातून अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम, किंवा दर चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम. ही तपासणी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतच होते. ‘जंतुरोधक’, ‘कंपोस्ट होणारं’ हे शब्द पाकिटावर छापायचे तर त्यांच्या वेगवेगळ्या चाचण्या आणि प्रमाणपत्रं लागतात. हळद घरचीच आहे, खायचीच आहे, हे कारण तिथे चालत नाही, आणि चालू नयेच. पापुद्र्यात हळदीबरोबर अल्कोहोलचा अंश असतो, ग्लिसरीन असतं, तुमच्या पाण्यातलं काय काय असतं.

प्रश्न घेऊन जाण्यासारखी ठिकाणं आपल्याजवळ आहेत : वर्ध्याची एमगिरी (महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्था), नागपूरचं लक्ष्मीनारायण इनोव्हेशन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठ (म्हणजे १९४२ पासूनची लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट), संत्र्यासाठी नागपूरचीच केंद्रीय लिंबूवर्गीय संशोधन संस्था, अकोल्याचं पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ. जाताना नुसती कल्पना नेऊ नका. हळदीचा पापुद्रा, कोरा पापुद्रा आणि वही न्या. वहीत प्रत्येक खेपेचं एक पान असावं : तारीख, पाणी कुठलं, हळद कुठली, स्टार्च किती, ग्लिसरीन किती, अर्क किती, किती अंशांवर घातला, किती तासांत वाळला, त्या दिवशी हवा कशी होती. आणि बिघडलेल्या खेपेचा तुकडा सेलोटेपने त्याच पानावर चिकटवलेला. माझ्या वहीच्या पहिल्या पानावर बोअरच्या पाण्याचा तो विटकरी तुकडा अजून आहे.